कापडावरचा रंग : अंगी मुरलेला की वर बसलेला?

जबलपूर शहराच्या जुन्या वस्तीत, सराफा आणि बडा फुहारा यांच्या परिसरात, कमानिया गेट उभे आहे. १९३९ च्या मार्च महिन्यात या शहराजवळच्या त्रिपुरी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. सुभाषचंद्र बोस त्याचे अध्यक्ष होते. त्या अधिवेशनाची आठवण म्हणून ही वेस बांधली गेली. आज तिच्याखालून जाणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या मनात इतिहास नसतो, बाजार असतो. कोणाला सोने पाहायचे असते, कोणाला खोव्याची जिलबी न्यायची असते आणि पुष्कळांना कापड घ्यायचे असते. जबलपूर हे तयार सलवार-सूटांचे मोठे ठाणे आहे. येथे शिवलेले सूट अनेक राज्यांच्या बाजारांत जातात आणि या धंद्यासाठी गोहलपूर भागातील लेमा गार्डन येथे स्वतंत्र संकुलही उभारले गेले आहे. तेव्हा आपण नागपूरच्या असा, इंदूरच्या असा किंवा रायपूरच्या, आपल्या घरातील एखादा छापील कुडता या गावाचे पाणी प्यालेला असण्याचा पुष्कळ संभव आहे.

अशा बाजारात एक प्रसंग नित्य घडतो. गिऱ्हाइकापुढे तीन कुडते पसरलेले असतात. तिन्हींवर तीच वेलबुट्टी, तोच डाळिंबी रंग. किमती मात्र तीन. विचारावे तर उत्तर एकच, “ताई, रंग अगदी पक्का आहे.” हा ‘पक्का’ शब्द मोठा सोयीचा आहे. त्याचा खरा अर्थ पहिल्या धुण्याच्या दिवशी कळतो आणि तोपर्यंत पावती हरवलेली असते. मुलीच्या लग्नासाठी घेतलेला सूट असो वा लहानग्याचा चित्र छापलेला सदरा असो, काटकसरीने चालणाऱ्या संसारात एका कपड्याचे नुकसान हेही नुकसानच असते. म्हणून कापडावर रंग कसा चढतो, चित्र कसे उमटते आणि कोणत्या शाईचा स्वभाव काय, हे घरातील खरेदी करणाऱ्या व्यक्तीने जाणून घेणे अगत्याचे आहे.

मेंदी आणि कुंकू

सारा भेद एका घरगुती दृष्टांताने स्पष्ट होईल. हातावर मेंदी लावली, ती वाळली, खरवडून टाकली, तरी रंग मागे उरतो. तो कातडीच्या अंगाशी जडलेला असतो. हाताने चाचपून पाहिले तर तेथे काहीच लागत नाही. कुंकवाचे तसे नाही. कोरडे कुंकू कपाळावर टिकत नाही म्हणून आपल्या आज्या आधी मेणाचे बोट लावीत आणि त्यावर कुंकू बसवीत. कुंकू टिके ते मेणाच्या आधारावर. मेण सुटले की कुंकू गेले.

कापडावरचे रंगही या दोन जातींचे असतात. पहिली जात मेंदीची. हे रंग पाण्यात विरघळतात, सुताच्या आत शिरतात आणि तेथेच घर करतात. दुसरी जात कुंकवाची. ही रंगाची न विरघळणारी सूक्ष्म पूड असते. तिला व्यवहारात ‘पिगमेंट’ म्हणतात. ती सुतावर चिकटवावी लागते आणि चिकटविणाऱ्या द्रव्याला, म्हणजे आपल्या मेणाला, कारागीर ‘बाइंडर’ म्हणतात. एक जात उत्तम आणि दुसरी टाकाऊ असे मात्र समजू नये. मेण चांगले असेल तर कुंकूही दिवसभर टिकते. पण आपल्या हातात काय आहे ते ओळखता आले पाहिजे, कारण दोहोंची जपणूक निराळी आहे.

बागेचा तांबडा आणि काळा

मेंदीच्या जातीचे रंग आपल्या देशाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहेत. मोहेंजोदडोच्या उत्खननात सुती कापडाचा जो तुकडा सापडला, तो मंजिष्ठाच्या रंगात रंगविलेला होता. हे ज्ञान आजही जिवंत पाहावयाचे असेल तर जबलपूरच्याच राज्यात, धार जिल्ह्यातील बाग या गावी जावे. तेथील खत्री कारागीर १९६२ च्या सुमारास त्या गावी येऊन वसले आणि त्यांच्या ठशांच्या कापडाला ‘बाग प्रिंट’ हे नाव देशभर मिळाले.

त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. कोरे कापड प्रथम धुऊन, एरंडेल आदी द्रव्यांत मुरवून आणि हरड्याच्या पाण्यातून काढून तयार करतात. मग त्यावर लाकडी ठसे उमटवितात. जेथे तांबडा हवा तेथे तुरटीची खळ आणि जेथे काळा हवा तेथे लोहाची खळ. दोहोंना चिंचोक्याच्या खळीचा दाटपणा दिलेला असतो. नंतर कापड नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात आणि तांब्याच्या मोठ्या भांड्यात अलिझरीन व धावड्याची फुले घालून उकळतात. उकळताना खरी किमया होते. तुरटीच्या जागी तांबडा रंग फुलतो, लोहाच्या जागी काळा गडद होतो आणि मोकळी जागा पांढरी राहते.

याचे मर्म असे की, अलिझरीन सुताला सहजी धरत नाही. तुरटीतील ॲल्युमिनियम किंवा हिराकशीतील लोह एका हाताने सुताला व दुसऱ्या हाताने रंगाला धरून ठेवते. रंगारी ज्याला ‘रंगबंधक’ म्हणतात ते हेच. ज्याचा हात तसा रंग. धातू बदलला की त्याच भांड्यातून निराळी छटा निघते. ठशाचा कारागीर कापडावर रंग छापीत नाही, तो रंगाला बसण्याची जागा छापतो, असे म्हटले तरी चालेल.

प्रयोगशाळेतून आलेले रंग

पूर्वी असा तांबडा रंग मध्य भारतात ‘आल’ नावाच्या झाडाच्या मुळांपासून काढीत. बुंदेलखंडात व मध्य प्रांतात आलची शेती होई. तिच्यावर आणि नीळ पिकविणाऱ्यांवर घाला पडला तो रसायनशास्त्राच्या प्रगतीमुळे. १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज तरुणाला कोयनेल कृत्रिम रीतीने बनविण्याच्या खटपटीत जांभळा रंग हाती लागला. डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून रंग निर्माण करता येतो हे त्याने जगाला दाखविले. पुढे १८६९ च्या सुमारास मंजिष्ठातील अलिझरीन कारखान्यात बनू लागले आणि १८९७ मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली. रंग स्वस्त झाले. रंगाची शेती करणाऱ्यांचे पीक मात्र निरर्थक ठरले.

आपल्या देशाने हे नवे शास्त्रही आपलेसे केले. १९३३ साली मुंबई विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला, तेव्हा कापडाचे रसायनशास्त्र हा त्याच्या पहिल्या विषयांपैकी एक होता. मुंबईच्या कापड गिरण्यांना त्याची निकड होती. त्या विभागाचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन यांनी कृत्रिम रंगांच्या रसायनावर लिहिलेला ग्रंथ १९५२ पासून खंडशः प्रसिद्ध झाला आणि त्या विषयात जगभर प्रमाण मानला गेला. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले.

सुती कापडाच्या दृष्टीने यानंतरची मोठी घटना १९५६ ची. त्या वर्षी इंग्लंडमधील आय.सी.आय. कंपनीने ‘प्रोसियन’ नावाचे रंग विक्रीस आणले. हे रंग सुतात नुसते शिरत नाहीत, त्याच्याशी रासायनिक बंधनाने जोडले जातात. आज अशा सर्व रंगांना शास्त्रीय भाषेत रिॲक्टिव्ह म्हणतात, परंतु आपल्या बाजारात कोणत्याही कंपनीचा माल असला तरी ‘प्रोसियन’ हेच नाव रूढ होऊन बसले आहे. छापताना ते सोडा व खळीबरोबर कापडावर देतात, नंतर कापडाला वाफ देतात आणि शेवटी ते गरम पाण्याने व साबणाने नीट धुतात.

ही शेवटची धुलाई फार महत्त्वाची आहे, कारण सगळाच रंग सुताशी जोडला जात नाही. काही भाग पाण्याशीच संयोग पावून मोकळा राहतो. कारखानदाराने धुलाईत कसर केली तर तो मोकळा भाग आपल्या बादलीत उतरतो. म्हणून पहिल्या धुण्यात थोडा रंग निघाला तर लगेच घाबरू नये. दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यातही पाणी तितकेच रंगीत होत राहिले, तर मात्र रंग कच्चा समजावा.

चित्र कसे उमटते

रंगाची जात पाहिली, आता चित्राची रीत पाहू. ठशानंतर जाळीच्या छपाईचा, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगचा, प्रसार झाला. चौकटीवर बारीक जाळी ताणतात, चित्राखेरीज बाकीची छिद्रे बुजवितात आणि रबरी पट्टीने शाई जाळीतून खाली दाबतात. या रीतीचे एक पेटंट मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ साली घेतले होते.

एकाहून अधिक रंगांचे चित्र दोन मार्गांनी छापता येते. पहिला मार्ग प्रत्येक रंग स्वतंत्र कालवून त्याची स्वतंत्र जाळी करण्याचा. पाच रंग तर पाच जाळ्या. महाराष्ट्रातील जुन्या घरांच्या भिंतींवर राजा रविवर्म्यांच्या छापखान्याच्या तसबिरी असत. घाटकोपरला १८९४ साली सुरू झालेल्या आणि नंतर मळवलीला गेलेल्या त्या छापखान्यात हेच तत्त्व दगडांवर चाले. एका रंगाला एक शिळा आणि एका तसबिरीला अनेक शिळा. या मार्गाने रंग ठसठशीत येतात व दर खेपेस अचूक तेच येतात. शाळेचे बोधचिन्ह, मंडळाचे नाव, सपाट वेलबुट्टी यांना हाच मार्ग योग्य.

दुसरा मार्ग चार शायांचा : निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी. छायाचित्रातील सारे रंग या चारांच्या बारीक ठिपक्यांत विभागतात. पिवळा आणि निळसर ठिपका शेजारी वा एकमेकांवर पडला की डोळा हिरवे पाहतो. गुळगुळीत कागदाच्या मासिकात एका इंचात सुमारे दीडशे ठिपक्यांच्या ओळी बसतात. कापडाच्या विणीत पन्नास-साठ बसल्या तरी पुष्कळ. म्हणून कापडावरचे छायाचित्र कागदासारखे नाजूक येत नाही, त्यात कारागिराचा दोष असेलच असे नाही. शिवाय या शाया पारदर्शक असतात. खालच्या कापडाचा पांढरेपणा हाच त्यांचा प्रकाश. काळ्या सदऱ्यावर त्या थेट छापल्या तर दिसणारच नाहीत. तेथे आधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो आणि त्यामुळे छपाई जाड व महाग होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोबाइलच्या पडद्यावर दिसलेला झगमगता पोपटी रंग कापडावर मिळत नाही अशी तक्रार पुष्कळजण करतात. पडदा स्वतः प्रकाश टाकतो, त्याचे लाल, हिरवे व निळे किरण एकत्र आले की पांढरे दिसते. शाई प्रकाश टाकीत नाही. ती पडलेल्या प्रकाशातील काही भाग गिळते आणि उरलेला आपल्याकडे पाठविते. शाया जितक्या मिसळाव्या तितके काळवंडत जाते. म्हणून मंडळासाठी वा कार्यासाठी कपडे छापून घेताना पडद्यावरचे चित्र पसंत करून थांबू नये. त्याच कापडावर छापलेला नमुना मागावा आणि तो दिवसाच्या उजेडात पाहावा.

शायांचे स्वभाव

पिगमेंटची छपाई सर्वांत अधिक आढळते. पूड, बाइंडर व दाटपणा देणारी खळ यांची ही शाई कोणत्याही सुतावर चालते. छापून वाळली की काम झाले असे वाटते, पण तसे नाही. तिला साधारण १५० अंश सेल्सियसची ऊब काही मिनिटे मिळाल्यावाचून बाइंडर पक्का होत नाही. कुंभाराचे कच्चे मडके आणि भाजलेले मडके दिसायला सारखेच असते, फरक पाणी ओतल्यावर कळतो. घाईच्या दिवसांत नुसत्या उन्हात वाळवून गठ्ठे बांधलेला माल असाच कच्च्या मडक्यासारखा असतो.

प्लास्टिसोल ही सदऱ्यांवर ठळक चित्रे छापणारी शाई. हिच्यात पाणी नसते. प्लास्टिकची पूड मऊपणा देणाऱ्या तेलकट द्रव्यात कालविलेली असते. ती हवेत वाळतच नाही, सुमारे १६० अंशांची आच लागली की थर एकजीव होतो. रंग झळझळीत, काळ्या कापडावरही उठून दिसणारा, परंतु हाताला रबरासारखा लागणारा. आच कमी पडली तर महिन्या-दोन महिन्यांत थराला तडे जातात. बाजारात ‘रबर प्रिंट’ या नावाने मिळणारी जाड छपाई हाताला अशीच लागते, मात्र तिची शाई बहुधा पाण्यावर आधारलेली असते.

डिस्चार्ज छपाईची युक्ती उलटी आहे. गडद रंगविलेल्या सुती कापडावर असे द्रव्य छापतात की वाफेच्या उष्णतेने तेथला मूळ रंगच नाहीसा होतो आणि हवा तर त्याच वेळी दुसरा रंग भरला जातो. कापड मऊ राहते. ही द्रव्ये मात्र उग्र असतात. कारखान्यात हवा खेळती हवी आणि कपडा वापरण्यापूर्वी एकदा धुणे इष्ट.

सब्लिमेशन ही केवळ पॉलिएस्टरची छपाई. आधी कागदावर चित्र छापतात, मग सुमारे २०० अंशांच्या तापलेल्या दाबयंत्रात कागद कापडावर ठेवतात. कापराची वडी जशी न वितळता हवेत उडून जाते, तसा रंग वाफ होऊन पॉलिएस्टरच्या तंतूत शिरतो. खेळाडूंचे पोशाख बहुधा असे छापतात. रंग फार टिकतो, परंतु कापड फिके आणि पॉलिएस्टरचेच हवे. सुतावर हा रंग ठरत नाही.

अलीकडे छोट्या दुकानांत फिल्मवर चित्र छापून, त्यावर चिकट पूड भुरभुरवून, इस्त्रीसारख्या दाबयंत्राने ते कापडावर उतरविण्याची रीत आली आहे. एक सदराही छापून मिळतो ही तिची सोय. चित्र मोठे व अखंड असेल तर मात्र तेथून वारा जात नाही. उन्हाळ्यात लहान मुलांना अशा कपड्यात घाम फार येतो.

दुकानात पाहावयाच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट, कापड उलटून पाहावे. मेंदीच्या जातीचा रंग पाठीमागेही बराच उतरलेला दिसतो. वर बसलेल्या शाईची पाठ बहुधा फिकी किंवा कोरी असते. दुसरी, डोळे मिटून छपाईवरून बोट फिरवावे. काहीच लागले नाही तर रंग आत मुरलेला, किंचित खरखर लागली तर पिगमेंट, रबरासारखा थर लागला तर प्लास्टिसोल वा तत्सम जाड छपाई. तिसरी, जाड छपाई दोन बोटांनी हलकेच ताणावी. बारीक भेगा दिसल्या तर भाजणी कच्ची. चौथी व सर्वांत उपयोगी, पांढरा हातरुमाल ओला करून, घट्ट पिळून, छपाईवर दहा-बारा वेळा घासावा. कापड-परीक्षेच्या प्रयोगशाळेतही याच तत्त्वावर कोरडे व ओले पांढरे कापड घासून एक ते पाच असे गुण देतात. आपल्या रुमालावर डाग जितका गडद, तितका रंग अविश्वासाचा. प्रामाणिक दुकानदार या परीक्षेला नाही म्हणणार नाही.

आणि एक प्रश्न अवश्य विचारावा, “छपाई प्रोसियनची की पिगमेंटची?” विचारणारे गिऱ्हाईक जाणते आहे एवढे कळले तरी पुष्कळदा ‘पक्का’ या शब्दाचा अर्थ बदलतो.

घरी आल्यावर

नवा छापील कपडा पहिल्या दोन वेळा वेगळा, थंड पाण्यात धुवावा. रात्रभर भिजत ठेवू नये, कारण सुटलेला रंग त्याच पाण्यात राहून फिक्या भागावर बसतो. मिठाच्या पाण्यात बुडवून कच्चा रंग पक्का होतो ही समजूत घराघरांत आहे. रंगाच्या भांड्यात मीठ रंग सुताकडे ढकलण्यास साहाय्य करते हे खरे, परंतु तयार कपड्यातील न जोडलेला रंग त्याने जोडला जात नाही. तो धुऊन काढणे हाच उपाय. बागेसारख्या तुरटी-लोहाच्या रंगांवर लिंबू, चिंच यांसारखे आंबट पदार्थ सांडू देऊ नयेत, आम्लाने धातूची पकड सैल होते. शाई वर बसलेले कपडे उलटे करून धुवावेत, ब्रश मारू नये, सावलीत वाळवावेत आणि इस्त्री पाठीमागून करावी. प्लास्टिसोलवर तापलेली इस्त्री टेकविली तर चित्र वितळून इस्त्रीला लागते.

आरोग्य आणि पाणी

रंगाचा प्रश्न केवळ पैशांचा नाही. काही ॲझो रंगांचे विघटन होऊन कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये निर्माण होतात असे आढळल्यावर जर्मनीने १९९४ मध्ये त्यांवर बंदी घातली. भारत सरकारनेही त्या दशकात अशा एकूण ११२ रंगांना मनाई केली. प्लास्टिकला मऊपणा देणाऱ्या थॅलेट वर्गातील काही द्रव्यांवर युरोपीय संघाने २००५ साली मुलांच्या खेळण्यांत व बालसंगोपनाच्या वस्तूंत निर्बंध आणले. तान्ही मुले सदऱ्याची छाती चोखतात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा बाळाच्या कपड्यावर जाड, उग्र वासाची छपाई नसावी, साधी किंवा छपाईविरहित झबली-टोपडी उत्तम.

या साऱ्याचा पहिला भार मात्र आपल्यावर नाही, छापणाऱ्यावर पडतो. आपण कपडा काही तास अंगावर घालतो, तो माणूस दिवसभर त्या वाफेत उभा असतो. आणि जो रंग सुताला जडला नाही तो कोणत्या तरी नाल्यातून नदीला मिळतो. धुलाईचे पाणी शुद्ध करून सोडावयाचे, भट्टीची पुरेशी आच द्यावयाची, बंदी नसलेले रंग वापरावयाचे, या सर्वांना खर्च येतो. तीन सारख्या कुडत्यांच्या तीन किमतींमागे पुष्कळदा हाच खर्च लपलेला असतो. सर्वांत महाग तेच चांगले असे नाही, पण सर्वांत स्वस्त मालात कोणती पायरी गाळली गेली असेल, एवढा प्रश्न मनाशी करावा.

घरातील मुलामुलींनाही हे शिकवावे. ओल्या रुमालाची परीक्षा, पाठ उलटून पाहण्याची सवय आणि पहिल्या धुण्याचे पाणी न्याहाळणे, यांत पै खर्च होत नाही. गिऱ्हाईक डोळस झाले की चांगला कारागीर टिकतो, त्याच्या मेहनतीला मोल येते, आणि हौसेने घेतलेला डाळिंबी कुडता चार वर्षांनी धाकट्या बहिणीच्या अंगावरही तितकाच डाळिंबी दिसतो.